३४ टक्क्यांतून सुटलेली सात मुले : शाळांतील तंत्रज्ञान-प्रकल्पांचे निष्कर्ष जाहीर करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
जिल्हा परिषदांचे शिक्षणाधिकारी, शाळांना डिजिटल साहित्य देणाऱ्या कंपन्यांचे सामाजिक दायित्व विभाग आणि हे प्रकल्प राबवणाऱ्या स्वयंसेवी संस्था

स.न.वि.वि.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी घरातले लोखंडी कपाट आवरायला काढले, तेव्हा पोषण आहाराच्या जुन्या नोंदवह्यांखाली गुळगुळीत कागदावर छापलेली एक रंगीत पुस्तिका सापडली. मुखपृष्ठावर हातात टॅब धरलेली हसरी मुलगी आणि वर ‘यशोगाथा’ हे शीर्षक. आत एका चौकटीत आमच्या केंद्रातील एका शाळेचे नाव होते आणि त्याखाली ठळक अक्षरांत लिहिले होते, की प्रकल्पामुळे या शाळेतील विद्यार्थ्यांच्या गणितातील संपादणुकीत ३४ टक्के वाढ झाली. ज्या तक्त्यावरून हा आकडा काढला गेला, त्या तक्त्यावर केंद्रप्रमुख म्हणून माझी सही आहे. तक्त्याची कार्बन प्रत त्याच कपाटात होती, म्हणून हे पत्र लिहिणे शक्य झाले.

शाळा दोन शिक्षकी होती. तिसरी ते पाचवीचा पट २६. ऑगस्टमध्ये, टॅब वाटण्याच्या आधी, २० गुणांची पूर्वचाचणी झाली. तिच्यात २६ मुलांच्या गुणांची बेरीज १३८ आली, म्हणजे सरासरी ५.३. फेब्रुवारीत उत्तरचाचणी झाली, तेव्हा वर्गात १९ मुले होती, त्यांच्या गुणांची बेरीज १३५ आणि सरासरी ७.१. ५.३ ची सरासरी ७.१ वर गेली, म्हणजे ३४ टक्के वाढ, आणि हा भागाकार अगदी बरोबर आहे. फक्त मधल्या काळात दिवाळी झाली होती आणि दिवाळीनंतर सात मुले आईवडिलांच्या कोयत्याबरोबर ऊसतोडीला गेली होती. ऑगस्टच्या चाचणीत या सात जणांना मिळून २० गुण होते. त्यांना वजा केले तर मागे राहिलेल्या १९ मुलांची ऑगस्टमधलीच बेरीज ११८ येते, सरासरी ६.२. त्याच मुलांची त्याच मुलांशी तुलना केल्यावर सहा महिन्यांत सरासरी ०.९ गुणाने वाढली असे दिसते. वीस गुणांच्या चाचणीत पुरता एक गुणही नाही. शिवाय त्या सहा महिन्यांत दोन शिक्षक रोज फळ्यावर गणित शिकवत होतेच. टॅब आले नसते तर ही मुले जिथे होती तिथेच राहिली असती, असे गृहीत धरून ०.९ गुणाचे श्रेयही सबंध टॅबला द्यायचे का, हा प्रश्न उरतोच.

यात कोणी खोटे बोलले नाही. तक्त्यात ‘पूर्वचाचणी सरासरी’ आणि ‘उत्तरचाचणी सरासरी’ असे दोनच रकाने होते, ‘दोन्ही चाचण्यांना हजर असलेली मुले’ असा रकाना नव्हता. मला मात्र सात मुले कुठे गेली ते ठाऊक होते, त्यांच्या स्थलांतराची नोंद मीच घेतली होती, आणि शेऱ्याच्या रकान्यात ते लिहायला मला कोणी मनाई केली नव्हती. मी लिहिले नाही. मार्चअखेर होती, तालुक्याला तक्ता त्याच दिवशी हवा होता, ही कारणे आज सांगताना फार तोकडी वाटतात.

हा एका शाळेचा किस्सा असता तर कपाटातच राहू दिला असता. परंतु निष्कर्ष जाहीर करण्याची आपणा सर्वांची पद्धतच अशी झाली आहे, की या सात मुलांसारखी मुले तिच्यातून आपोआप गळून पडतात. आपले अहवाल किती टॅब दिले, किती शाळांत इंटरॅक्टिव्ह पॅनेल बसले, किती शिक्षकांचे प्रशिक्षण झाले आणि ‘लाभार्थी’ किती, हे सविस्तर सांगतात. लाभार्थी हा शब्द मला नेहमी चमत्कारिक वाटत आला आहे, कारण खोके शाळेच्या व्हरांड्यात उतरले त्या क्षणी पटावरचे प्रत्येक मूल लाभार्थी होते, खोके उघडले जाओ अथवा न जाओ. वीजबिल थकल्यामुळे जिचा मीटर काढून नेला होता, अशा शाळेचा प्रोजेक्टरही मी माहिती प्रपत्रात ‘उपलब्ध’ या रकान्यात मोजला आहे, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच होते, कारण प्रोजेक्टर कपाटात उपलब्ध होता. साहित्याची मोजणी आवश्यक आहे, साठा नोंदवही त्यासाठीच असते. त्या नोंदवहीची बेरीज ‘निष्कर्ष’ या मथळ्याखाली छापायला मात्र माझी हरकत आहे.

महाराष्ट्रात ही सवय लागण्यामागे एक चांगली गोष्टही आहे, हे मान्य केले पाहिजे. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयाच्या आगेमागे गावोगावी लोकवर्गणीतून डिजिटल वर्ग उभे राहिले. शहापूर तालुक्यातील पष्टेपाड्याची संदीप गुंड यांची शाळा पाहायला शिक्षकांच्या गाड्या जात होत्या. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्या काळातला उत्साह खरा होता, मीही त्यात होते. आमची चूक अशी झाली, की एखाद्या शिक्षकाने स्वतः खपून, मुलांची नस ओळखून, साधनाचा उपयोग करून जे मिळवले, ते यश सांगताना आम्ही साधनाच्या नावावर जमा केले. मग तेच साधन दुसऱ्या शंभर शाळांत पाठवले आणि तिथेही तेच यश मिळाले असणार, असे धरून चाललो.

साधनाचा परिणाम किती वेगवेगळा होऊ शकतो, हे शोधायला फार लांब जायला नको. बडोद्याच्या महापालिका शाळांत २००२ नंतरच्या दोन वर्षांत चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, दोघांत एक संगणक, असे गणिताचे खेळ दिले गेले. ‘प्रथम’ संस्थेच्या या कार्यक्रमाची तपासणी अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. दुसऱ्या वर्षाअखेर जो परिणाम दिसला, तो संशोधकांच्या भाषेत ०.४७ मानक विचलन इतका होता. हा आकडा ग्रामसभेत सांगून काहीही उपयोग नाही. ढोबळमानाने असे म्हणता येईल, की शंभर मुलांच्या रांगेत मधोमध उभे असलेले मूल जवळजवळ १८ जागा पुढे सरकले. मोठे यश आहे. पण कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने पुन्हा मोजले, तेव्हा त्यातला सुमारे ०.१ एवढाच परिणाम शिल्लक होता, म्हणजे त्याच रांगेत चार जागा. आपल्याकडे पुस्तिका छापली असती तर त्यात पहिला आकडा आला असता, आणि दुसरा मोजायला कोणी परत गेलेच नसते.

गुजरातमध्येच ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या शाळांत झालेला प्रयोग तर मला प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवावासा वाटतो. एकच संगणक कार्यक्रम दोन तऱ्हांनी वापरला गेला. जिथे तो शाळा सुटल्यानंतर जादा म्हणून दिला, तिथे मुलांचे गणित सुधारले. जिथे तो शाळेच्या वेळातच, शिक्षिकेच्या तासाऐवजी दिला, तिथे मुले त्यांच्यासारख्याच इतर मुलांच्या बरीच मागे पडली, कारण ज्ञानशालेच्या शिक्षिकांचे शिकवणे मुळात चांगले होते आणि संगणकाने त्यांचाच तास खाल्ला. ‘हा कार्यक्रम उपयुक्त आहे का?’ या प्रश्नाला तिथे एका आकड्यात उत्तर नव्हते. टॅबचा तास कोणत्या तासाच्या जागी बसवला, हे आपल्या एकाही अहवालात मी वाचलेले नाही. आमच्याकडे तो बहुतेक ठिकाणी खेळाच्या किंवा कार्यानुभवाच्या जागी असे, काही ठिकाणी गणिताच्या जागी, आणि एके ठिकाणी शिक्षक तालुक्याच्या बैठकीला गेले की असे.

दिल्लीतल्या ‘माइंडस्पार्क’ या संगणकावर शिकवणाऱ्या शिकवणी केंद्रांचा अभ्यास मी मुद्दाम वेगळा काढते, कारण त्यात आपल्याला सहज उचलता येईल अशी एक युक्ती आहे. २०१५ मध्ये इच्छुक ६१९ मुलांमधून सोडतीने काहींना या केंद्रांत विनामूल्य प्रवेश मिळाला आणि काहींना मिळाला नाही. साधारण साडेचार महिन्यांनी दोन्ही गटांची स्वतंत्र चाचणी घेतली गेली आणि सोडतीत नाव निघालेली मुले गणितात व हिंदीत स्पष्टपणे पुढे होती. सोडत कशाला म्हणतात, हे महाराष्ट्रातल्या पालकांना समजावून सांगावे लागत नाही. शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के जागांचे प्रवेश सोडतीने होतात, म्हाडाची घरेही सोडतीने मिळतात. तालुक्यात ११० शाळा असताना टॅबचे संच ४० शाळांनाच पुरणार असतील, तर कुणाच्या शब्दाखातर यादी बदलण्याऐवजी सर्वांसमक्ष चिठ्ठ्या काढाव्यात. वाटप न्याय्य होईल आणि ज्या ७० शाळांची नावे निघाली नाहीत, त्यांच्याशी प्रामाणिक तुलना करण्याची सोयही जादा पैसा न घालता होईल.

वाईट निष्कर्षही सांगता येतात, याचे उदाहरण पेरू देशाने घालून दिले आहे. तिथे सरकारने प्राथमिक शाळांतील मुलांना मोठ्या प्रमाणावर लॅपटॉप दिले. ग्रामीण भागातील ३१९ शाळांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. लॅपटॉप मिळालेल्या शाळांत दर मुलामागे १.१८ संगणक होते, न मिळालेल्या शाळांत ०.१२. एवढा फरक असूनही सुमारे १५ महिन्यांनंतर गणित आणि भाषा या दोन्ही विषयांत परिणाम दिसला नाही. आकलनशक्तीच्या काही चाचण्यांत थोडी सुधारणा होती, तीही अहवालात तशीच नोंदवली गेली. जगभरच्या सरकारांना त्या एका अहवालाने जितके शिकवले, तितके शंभर यशोगाथांनी शिकवले नसते. उलट बाजूला युनेस्कोचा २०२३ चा अहवाल सांगतो, की ब्रिटनमधील शिक्षण-तंत्रज्ञान कंपन्यांपैकी केवळ ७ टक्के कंपन्यांनी आपल्या उत्पादनाची सोडतीच्या पद्धतीने चाचणी केली होती, आणि अमेरिकेच्या १७ राज्यांत विचारणा केली, तेव्हा साधन स्वीकारण्यापूर्वी तज्ज्ञांनी तपासलेला पुरावा मागणारे शिक्षक व प्रशासक ११ टक्केच निघाले. म्हणजे न मागण्याची सवय आपल्या एकट्याची नाही.

आता कंपन्यांच्या सामाजिक दायित्व विभागांना एक प्रश्न. जानेवारी २०२१ पासूनच्या नियमांनुसार ज्या कंपनीवर सामाजिक दायित्वापोटी (सीएसआर) वर्षाला सरासरी १० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक खर्चाचे बंधन आहे, तिला १ कोटी किंवा त्याहून अधिक खर्चाच्या पूर्ण झालेल्या प्रकल्पांचे परिणाम मूल्यमापन स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यावे लागते. तो अहवाल संचालक मंडळासमोर ठेवावा लागतो आणि वार्षिक अहवालाला जोडावा लागतो. नियम चांगलाच आहे. पण तो अहवाल इंग्रजीत असतो, भागधारकांच्या हाती जातो, आणि ज्या मुलांच्या चाचण्या घेऊन तो लिहिला त्यांच्या आईवडिलांपर्यंत पोहोचते ती गुळगुळीत पुस्तिका. संचालकांना एक कागद आणि पालकांना दुसरा, असे का?

शासकीय कार्यालयांपुढे तर कायदाच स्पष्ट आहे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार नागरिकांनी अर्ज करण्याची वाट न पाहता माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे, आणि ती प्रसिद्ध करताना स्थानिक भाषा व त्या भागात प्रभावी ठरणारी पद्धत विचारात घ्यायची आहे. शाळेपुरते बोलायचे तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समिती दिलेली आहे, तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या. अशा समितीच्या बैठकीत मी कित्येकदा बसले आहे. तिथे डॅशबोर्डाचे छापील चित्र फिरवले की सगळे माना डोलावतात आणि रजिस्टरवर सह्या होतात. ‘चौथीतल्या अकरा मुलांना हातच्याची वजाबाकी येते, सहांना येत नाही’ असे वाक्य उच्चारले की मात्र बैठक जागी होते. सहा कोण, इथपर्यंत गोष्ट जाते.

ग्रामीण मुलांचे वाचन आणि गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहणीचे बळ मला याच साधेपणात दिसते. तिच्या पद्धतीबद्दल मतभेद असतील, पण ती मुलाच्या घरी जाऊन दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देते, आणि तो उतारा मुलाने वाचला की नाही हे चुलीजवळ बसलेल्या आजीलाही कळते. देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी असा उतारा वाचू शकणारी मुले २०२२ मध्ये १६.३ टक्के होती आणि २०२४ मध्ये २३.४ टक्के झाली, या विधानातला प्रत्येक शब्द पालकाला घरी तपासता येतो. ‘संपादणुकीत ३४ टक्के वाढ’ हे विधान कुठे तपासायचे?

निकाल नुसता सांगितला की सुधारणा आपोआप होते, असा माझा दावा नाही. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात २८० गावांमध्ये झालेल्या प्रयोगात गावकऱ्यांना मुलांच्या वाचनाची स्थिती आणि शिक्षण समितीचे अधिकार समजावून सांगितले गेले, तरी तेवढ्याने शाळांमध्ये फरक पडला नाही. गावातल्या तरुणांना वाचनवर्ग घ्यायला शिकवले, तिथे त्या वर्गांना येणारी मुले वाचू लागली. पाकिस्तानच्या पंजाब प्रांतात मात्र ११२ गावांच्या अभ्यासात वेगळे दिसले. तिथे प्रत्येक पालकाच्या हाती प्रगतिपत्रक दिले होते, ज्यात स्वतःच्या मुलाचे गुण आणि गावातल्या प्रत्येक शाळेची सरासरी शेजारी शेजारी होती. मुलांचे गुण वाढले आणि खासगी शाळांची फी सरासरी १७ टक्क्यांनी उतरली. दोन्हीकडे माहिती दिली गेली होती. एकीकडे ती गावाविषयी होती, दुसरीकडे ‘माझ्या’ मुलाविषयी आणि ‘त्या’ शाळेविषयी, आणि तिचे काय करायचे हे पालकाच्या हातात होते. माझा कल कुठे आहे हे उघड आहे. तरी जौनपूरचा धडा बाजूला सारू नये : निकालाबरोबर पुढच्या तीन महिन्यांत कोण, काय करणार, हेही सांगावे लागेल.

मुलांची नावे आणि छायाचित्रे यांबद्दल थोडे. पालकाला त्याच्या मुलाचा निकाल खासगीत मिळावा, फलकावर फक्त संख्या असाव्यात, आणि मागे पडलेल्या दोन-तीन मुलांची ओळख पटेल इतक्या लहान गटाचे आकडे फलकावर येऊ नयेत. टॅबमधून मुलांविषयी जी माहिती गोळा होते ती कोणाकडे जाते, हेही पालकांना सांगितले पाहिजे. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायद्यानेही मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. मुखपृष्ठावरच्या त्या हसऱ्या मुलीच्या आईला कोणी विचारले होते का, हे मला आठवत नाही.

माझी विनंती मोठ्या अहवालाची नाही. प्रकल्प झालेल्या प्रत्येक शाळेच्या दर्शनी फलकावर, मराठीत, हाताने लिहिलेला एक परिच्छेद असावा. आमच्या त्या शाळेपुरता तो मी असा लिहीन :

‘या शाळेला ऑगस्टमध्ये टॅब मिळाले. गणिताची २० गुणांची चाचणी ऑगस्टमध्ये २६ मुलांनी दिली, फेब्रुवारीत १९ मुलांनी. दोन्ही चाचण्या दिलेल्या १९ मुलांची सरासरी ६.२ वरून ७.१ झाली. सात मुले स्थलांतरामुळे दुसऱ्या चाचणीला नव्हती. टॅब नसलेल्या शाळेशी तुलना केलेली नाही, त्यामुळे ही वाढ टॅबमुळे झाली असे सांगता येत नाही. चाचणी टॅब देणाऱ्या संस्थेनेच घेतली. टॅबचा तास आठवड्यातून दोनदा, कार्यानुभवाच्या वेळी होता. फेब्रुवारीअखेर १२ पैकी ८ टॅब सुरू होते. वीजबिल ग्रामपंचायतीने भरले.’

यात एकही वाक्य लाजिरवाणे नाही, आणि ते लिहायला कोणत्याही संस्थेची नेमणूक करावी लागत नाही. केंद्रप्रमुखाला अर्धा तास पुरतो, हे मी अनुभवाने सांगते. मोठे मूल्यमापन स्वतंत्र संस्थेने करावेच, पण हा परिच्छेद त्यासाठी अडून राहू नये.

वेळेबद्दल एक सूचना. उत्तरचाचणी फेब्रुवारीत घेण्याचे कारण एवढेच असते, की मार्चअखेर अहवाल आणि निधीचा हिशेब द्यायचा असतो. ऊसतोडीच्या तालुक्यांत ती एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात घ्यावी आणि निकाल १ मे रोजीच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा. कारखान्यांचे पट्टे तोवर पडलेले असतात, म्हणजे गाळप संपलेले असते, गाड्या गावात परतलेल्या असतात आणि त्या सात मुलांचे आईवडीलही सभेला येऊ शकतात. माझ्याकडच्या कार्बन प्रती अजून शाबूत आहेत. ज्या कार्यालयाला किंवा संस्थेला आपले जुने आकडे याच रीतीने पुन्हा मांडून पाहायचे असतील, त्यांच्याबरोबर बसायला मी तयार आहे.

आपली,
एक निवृत्त केंद्रप्रमुख